रोहतांग, स्नो स्कूटर आणि हातात राखलेला एक दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरचं सहा जणांचं कुटुंब: नवरा-बायको, १४ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासरे ६८ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मनालीत चार रात्री मुक्काम. मुलांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून ठरवलंय की रोहतांगला जाऊन स्नो स्कूटर चालवायचीच. एजंट म्हणतो रोहतांग पक्कं. शेजारचे म्हणतात, त्या दिवसांत खिंड बंदच असते. ताईंनी विचारलंय की खरं कोणाचं, आणि मुलांना नि सासऱ्यांना हे सगळं झेपेल का?

ताई, माझं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे. पण गेली बावीस वर्षं जानेवारी-फेब्रुवारीत युनिट धाकट्या भावावर सोपवून मी मनाली आणि रोहतांगच्या पलीकडच्या लाहौल खोऱ्याकडे गट घेऊन जातो. मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत आधी बेसिक कोर्स केला, मग स्कीइंगचा. आपल्याकडची माणसं बर्फात पहिल्यांदा उतरली की काय करतात, कुठे घाबरतात, कुठे नको तितकी धीट होतात, हे मी दरवर्षी बघतो. त्यावरून सांगतो.

खिंड उघडी की बंद, हा तुमचा प्रश्न. मला त्याच्या मागचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. चार रात्रींच्या सहलीत बर्फासाठी तुमच्या हातात जेमतेम एक दिवस आहे, आणि तो कोणता हे एजंटाने सोलापुरात बसून, बर्फ पडायच्या आधीच ठरवून टाकलंय. गडबड तिथे होते. त्या ठरलेल्या दिवशी वर हवा बिघडली असेल किंवा खाली बर्फच नसेल, तरी माणूस पैसे भरलेत म्हणून जातो आणि मग मिळेल त्या जागी, मिळेल त्या मशीनवर मुलांना बसवतो.

आधी रोहतांगचं. खिंड ३,९७८ मीटर उंचीवर, मनालीहून ५१ किलोमीटरवर आहे. मनाली २,०५० मीटरवर, आणि आपलं सोलापूर साधारण ४६० मीटरवर. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे सोलापूर आणि रोहतांग यांच्यात नुसत्या उंचीपायी तेवीस अंशांचा फरक पडला. उत्तरेचा हिवाळा त्यात अजून धरलेलाच नाही. रोहतांग या नावाचा अर्थ ‘प्रेतांचा ढीग’ असा सांगतात. पायी खिंड ओलांडणारी किती माणसं वादळात सापडून तिथेच राहिली असतील, ते त्या नावावरूनच कळतं.

नोव्हेंबर-डिसेंबरात मोठा बर्फ पडला की हा रस्ता बंद होतो आणि मे महिन्याच्या आसपास उघडतो. पण बर्फ लांबला तर डिसेंबरातही प्रशासन गाड्या वर सोडतं. म्हणून तुमचे शेजारी चुकीचे नाहीत, आणि एजंट धादांत खोटं बोलतोय असंही नाही. फक्त ‘पक्कं’ हा शब्द कोणालाच वापरता येत नाही. रस्ता उघडा असला तरी परवाना लागतो. राष्ट्रीय हरित लवादाने दिवसाला ८०० पेट्रोल आणि ४०० डिझेल, अशी १,२०० गाड्यांची मर्यादा घातली, आणि मंगळवारी देखभालीसाठी गाड्या सोडत नाहीत. शिवाय याच लवादाने २०१५ साली रोहतांग परिसरातल्या स्नो स्कूटरसारख्या धंद्यांवर निर्बंध आणले. त्यामुळे ‘रोहतांगला स्नो स्कूटर’ असं कोणी सांगितलं की मी पहिल्यांदा विचारतो, नेमकी कुठे? गावाचं नाव लिहून द्या.

बहुतेक वेळा उत्तर निघतं ते बोगद्याच्या पलीकडचं. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला. ९.०२ किलोमीटर लांब, आणि त्याचं अलीकडचं तोंड मनालीहून साधारण २५ किलोमीटरवर. पूर्वी खिंड बंद झाली की लाहौल सहा-सहा महिने तुटलेला असायचा, आता हवा बरी असेल तर भर हिवाळ्यात पंधरा मिनिटांत माणूस पलीकडे निघतो. बोगद्याचं पूर्ण नाव ‘अटल टनेल, रोहतांग’. त्या नावासमोर फोटो काढला की एजंटाच्या हिशेबी रोहतांग झालं. तुमचा रोहतांगचा दिवस म्हणजे बहुधा बोगदा ओलांडून कोकसर किंवा सिस्सू, हे आत्ताच घरात सांगून ठेवा, म्हणजे तिथे गेल्यावर मुलं हिरमुसणार नाहीत. आणि माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी ते बरंच आहे. सिस्सू ३,१०० मीटरच्या आसपास आहे. सासऱ्यांच्या दृष्टीने ३,१०० आणि ३,९७८ यांत फार मोठा फरक आहे.

दुसरी जागा सोलंग. मनालीहून तेरा-चौदा किलोमीटर, अडीच हजार मीटरच्या आसपास. जायला सोपी, पण डिसेंबरअखेरीस तिथे बर्फ असेलच असं नाही. हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभ आणतात. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या वादळांचं वेळापत्रक आपल्या नाताळच्या सुट्टीला बांधलेलं नसतं. कधी वीस डिसेंबरला गुडघाभर बर्फ असतो, कधी नवीन वर्ष उजाडलं तरी सोलंगला पिवळं गवत दिसतं. खात्रीचा बर्फ हवा असेल तर जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. मुलांच्या शाळेमुळे ते तुम्हाला जमणार नाही, हे मला दिसतंय. पण दुसरं कोणी हे वाचून जानेवारीचा बेत करत असेल तर एक लक्षात ठेवा. जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत लाहौलमध्ये हालडा, पूना असे सण असतात, आणि सिस्सूच्या बाजूच्या गावांनी अलीकडे त्या काळात काही आठवडे पर्यटकांचे खेळ बंद ठेवले आहेत. आपल्याकडे गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघालेले असताना कोणी मिरवणुकीतून गाडी घालायला लागला तर आपल्याला काय वाटेल? जाण्याआधी चौकशी करावी.

तर दिवसांचं असं करा. पोचलात तो दिवस पूर्ण आरामाचा. कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, तिथून रात्रभर व्होल्वो, एवढा प्रवास झालेला असतो आणि शरीर एका रात्रीत दोनशे मीटरवरून दोन हजारांवर आलेलं असतं. हिडिंबा देवीचं मंदिर, मॉल रोड, एवढं पुरे. त्यानंतरच्या दोन दिवसांपैकी बर्फाचा दिवस कोणता हे आदल्या संध्याकाळी ठरवा. हवामान खात्याचा अंदाज बघा, हॉटेलवाल्याला विचारा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या दिवशी वरून उतरलेल्या दोन टॅक्सीवाल्यांना विचारा. बर्फ पडत असताना वर जायचं नाही. पडून गेल्यावर, रस्ता साफ झाल्यावर जायचं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात एका बर्फवृष्टीत सुमारे हजार गाड्या अडकल्या होत्या आणि पोलिसांनी रात्रीपर्यंत माणसं खाली आणली. त्या गाड्यांत लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती. ताजा बर्फ असला की पोलीस साध्या गाड्या खालीच अडवतात आणि फक्त फोर-बाय-फोर सोडतात. तेव्हा ‘आमचा आजचाच दिवस आहे हो’ म्हणून हुज्जत घालू नका.

आता मशीनकडे येतो. इथे जरा थांबणार आहे, कारण आपल्या लोकांना दुखापत होते ती इथे.

स्नो स्कूटर म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे रुंद रबरी पट्टा. कॅनडाच्या जोसेफ-आर्मंड बोंबार्डिए यांनी १९५९ साली स्की-डू नावाचं हलकं मशीन बाजारात आणलं, आजच्या सगळ्या मशीनची घडण मुळात तीच. हाताने बदलायचे गिअर नाहीत, आपल्या स्कूटीसारखंच बेल्टवर ते काम आपोआप होतं. वजन दोनशे किलोच्या वर. डाव्या हाताला ब्रेक. आणि थ्रॉटल उजव्या मुठीत पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो. एक छोटी पट्टी असते, अंगठा दाबला की वेग, उचलला की मशीन आपोआप मंदावतं.

सोलापूरचा माणूस जन्मभर दुचाकीवर असतो. त्याला वाटतं, हे तर आपल्याला येतंच. पण दुचाकीने हातापायांना लावलेल्या दोन सवयी इथे उलट्या पडतात. एक, घाबरला की माणूस हँडल घट्ट आवळतो. दुचाकीवर त्याने फारसं बिघडत नाही. इथे मूठ आवळली की अंगठाही आवळला जातो आणि मशीन पळतं. मशीन पळालं की भीती वाढते, मूठ आणखी घट्ट होते. दोन, तोल गेला की आपला पाय आपसूक जमिनीकडे जातो. सिग्नलला टेकवतो तसाच. इथे बाहेर काढलेला पाय बर्फात रुततो आणि दोनशे किलोचं मशीन त्याच बाजूला येतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गटात चाळिशीतले एक गृहस्थ होते. रोज सात रस्ता ते होटगी रोड बुलेटवर जाणारे. चालवणारा मुलगा मागे बसला होता, तो उतरला आणि म्हणाला, “एकटे चालवा, फोटो चांगला येईल.” ओढली की इंजिन बंद करणारी लाल दोरी मनगटाला नव्हती, हँडललाच गुंडाळलेली होती. उतार जरा आडवा होता. पुढची उजवी स्की खाली घसरायला लागली तसे ते दचकले आणि मशीन सुटलं. मी चाळीस-पन्नास फुटांवर होतो. मी जीव तोडून ओरडत होतो, “सोडा, सोडा!” आणि ते हँडल सुटू नये म्हणून आणखी घट्ट धरत होते. शेवटी उजवा पाय बाहेर आला, मशीन सावकाश, अगदी सावकाश त्या पायावर कलंडलं. आम्ही चौघांनी उचललं तेव्हा गमबूट बर्फातच राहिला आणि पाय बाहेर आला. घोटा मोडला होता. मनालीत प्लास्टर घालून त्यांना खुर्चीवरून रेल्वेत चढवलं. ‘सोडा’ हा शब्द मी तेव्हापासून वापरत नाही. घाबरलेल्या माणसाला त्यातून काय सोडायचं ते कळतच नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. इंजिन बंद असताना माणसाला बसवतो. अंगठा दाब, उचल, असं दहा वेळा करून घेतो आणि प्रत्येक वेळी त्यालाच मोठ्याने म्हणायला लावतो, “अंगठा वर.” मग मीही तेच दोन शब्द ओरडतो, दुसरं काही नाही. त्यानंतर लाल दोरी मनगटाला लावतो, इंजिन सुरू करून जागच्या जागी ती एकदा ओढून दाखवतो. इंजिन बंद पडलं तरच पुढे. दोरी नसेल किंवा ओढून इंजिन बंद पडत नसेल, तर त्या मशीनवर आमच्यातलं कोणी चढत नाही. पाय कायम पायफळीवर, गुडघे किंचित वाकलेले, उंचवट्यावर बूड थोडं उचलायचं म्हणजे कण्याला दणका बसत नाही. तुम्ही आणि तुमचे यजमान एवढं शिकून, चालवणारा मागे बसलेला असताना, सपाट जागी चालवू शकता. तेवढ्यात खूप आनंद आहे. एकट्याने फोटोसाठी चालवू नका.

मशीनइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, जागा बघायची असते. तिकडे पोचलात की लगेच पैसे देऊ नका. दहा मिनिटं बाजूला उभं राहून बघा. जाणारी आणि येणारी मशीन एकाच पट्ट्यातून समोरासमोर येतात का? ट्यूबवर घसरणारी मुलं मध्येच आडवी येतात का? पट्टा सपाट आहे की एका बाजूला कललेला? आणि तो संपतो तिथे पुढे काय आहे? मऊ बर्फ असेल तर ठीक. दगड, तारा, नाला असेल तर तो पट्टा आपला नाही. बर्फ किती जाड आहे तेही बघा. मधूनमधून चिखल आणि गवत दिसत असेल तर नाद सोडा. बऱ्याच मशीनचं इंजिन मागच्या रबरी पट्ट्याने उडवलेल्या बर्फानेच थंड होतं, तो रबरी पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर सरकतो त्यांनाही बर्फाचंच वंगण लागतं. बर्फ पातळ असला की इंजिन तापतं, पट्ट्या वितळतात आणि स्कीला धरायला काही उरत नाही, म्हणजे हँडल वळवलं तरी मशीन सरळच जातं. शिवाय त्या रबरी पट्ट्याखाली कुरणाचं गवत मुळासकट निघतं. त्याच गवतावर उन्हाळ्यात तिथल्या लोकांची गुरं-मेंढरं चरतात. मला ते बघवत नाही. अशा दिवशी आम्ही मशीन घेतच नाही, मुलांना घसरगुंडी आणि बर्फाचे गोळे एवढ्यात समाधान मानायला लावतो, आणि खरं सांगतो, मुलांना ते पुरतं.

वेळ सकाळी दहा ते दुपारी एक. त्याआधी रात्रीचा बर्फ काचेसारखा कडक असतो. त्यानंतर उन्हाने त्याचा रबडा होतो. तीनच्या आत परतीला लागा, कारण डोंगराआड ऊन गेलं की रस्त्यावर वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं. डांबर ओलं दिसतं, पण तो बर्फाचा पातळ काळा थर असतो आणि गाडी त्यावर चाकं न फिरवताच जाते.

मुलांनी पाहिलेल्या व्हिडिओंबद्दल. ते बहुतेक अमेरिका-कॅनडातले असणार. वायोमिंगमध्ये टोग्वॉटी पास म्हणून २,९४४ मीटरची खिंड आहे. तिच्या आसपासच्या जंगलात स्नोमोबाईलसाठी, म्हणजे याच मशीनसाठी, आखलेल्या वाटाच्या वाटा आहेत. यंत्राने बर्फ दाबून सपाट केलेल्या, खुणांचे फलक लावलेल्या. लोक स्वतःची मशीन घेऊन दिवसभर त्यांवर फिरतात. आपल्याकडे तसं काही नाही. सोलंग-सिस्सूला तुम्हाला मिळेल तो एका माळावरचा फेरा, पाच-दहा मिनिटांचा. मुलांना हे घरीच सांगा. गुलमर्गला पट्टे मोठे आहेत आणि बर्फही जास्त भरवशाचा, पण ती सहल वेगळी.

९ वर्षांच्या मुलाने आणि १४ वर्षांच्या मुलीने मशीन चालवायचं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की १६ वर्षांखालच्यांनी स्नोमोबाईल चालवू नये आणि ६ वर्षांखालच्यांना मागेही बसवू नये. मी तोच नियम पाळतो. मुलीला वाईट वाटेल, पण तिला कारण सांगा, ती समजून घेईल. दोघांनी एकेक करून चालवणाऱ्याच्या मागे बसायचं, तेही पाय पायफळीला पूर्ण टेकत असतील तरच. एका मशीनवर चालवणारा, आई आणि मूल असे तिघं बसवायला ते लोक तयार असतात, तुम्ही तयार होऊ नका. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांवर आलेला असतो, साध्या इंजिनाची ताकदही जवळपास त्याच हिशेबाने उतरते. तिघांचं ओझं घेऊन चढावर मशीन रुततं, मग चालवणारा पूर्ण थ्रॉटल देतो आणि ते उसळी मारून निघतं. मागचा माणूस पडतो तो तेव्हाच. हेल्मेट तिथे मिळेलच असं नाही. मुलाचं सायकलचं हेल्मेट बॅगेत टाका. बर्फासाठी ते बनवलेलं नसलं तरी उघड्या डोक्यापेक्षा कितीतरी बरं.

सासऱ्यांनी मशीनवर बसू नये. दणक्यांनी कण्याला इजा होऊ शकते, आणि थंडीने रक्तदाब तसाही चढतो. त्यांनी सिस्सूपर्यंत यावं की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा. गोळ्यांचे डोस, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी लागेल का, हेही त्यांनाच विचारा, मेडिकलवाल्याला नको. मुक्काम मनालीत असल्याने उंचीचा त्रास होण्याची शक्यता कमी आहे, तो साधारण अडीच हजार मीटरच्या वर आणि काही तास राहिल्यावर सुरू होतो. तरी डोकं दुखणं, मळमळ, चालताना झोक जाणं, यातलं काही दिसलं तर चहा पाजून वाट बघत बसू नका, सरळ खाली उतरा. बोगद्यातून मनालीकडे उतरायला लागलं की तासाभरात फरक पडतो.

हिमस्खलनाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. पर्यटकाला वाटतं ते गिर्यारोहकांचं काम. पण सोलंगच्या पुढच्या धुंदीपासून बोगद्यापर्यंतच्या रस्त्यावर हिमस्खलन येतं, आणि रस्त्याकडेच्या ‘मस्त निवांत’ जागा बऱ्याचदा त्याच वाटेत असतात. बर्फ सुटतो तो बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून, आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सगळ्यात वाईट. तुम्ही उभ्या आहात ती जागा सपाट असून उपयोग नाही, डोक्यावरचा उतार बघायचा. वर मोकळा पांढरा उतार आणि मध्ये झाडांची एक उभी पट्टी साफ नाहीशी झालेली दिसली, तर बर्फ तिथून नेहमी येतो असं समजा. चालताना पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला आणि बर्फ खाली बसला, तर आल्या पावली मागे फिरा. गाडलेल्या माणसाला जगायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, आणि पर्यटकांच्या गटाकडे शोधायला ना यंत्र असतं ना फावडं. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात हिमस्खलनाचा इशारा जिल्ह्यांप्रमाणे देते, वर्तमानपत्रांत तो येतो. कुल्लू आणि लाहौल-स्पितीचा इशारा बघितल्याशिवाय मी गट हलवत नाही.

कपड्यांबाबत सोलापूरकरांना मला मुद्दाम सांगावं लागतं, कारण आपण सुती कापडाचं गाव. मी स्वतः रोज सूत विणतो. आपला टॉवेल पाणी कसं शोषतो ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि तोच गुण बर्फात घात करतो. सुती बनियन घामाने ओला झाला की वाळत नाही, अंगाची ऊब खेचत राहतो. अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारं जाकीट. उणे ५ अंश तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा लागला की अंगाला उणे १४ इतकी थंडी जाणवते, आणि धावत्या मशीनवर तो वारा तुम्ही स्वतःच तयार करत असता. जीनची पँट नको. सोलंगच्या रस्त्याला नंबर टाकलेल्या दुकानांत अंगभर सूट आणि गमबूट भाड्याने मिळतात. ते घ्या, पण सूटच्या आतून हात फिरवून ओलसर नाही ना बघा. मोजे आणि हातमोजे मात्र घरचे, प्रत्येकी दोन-दोन जोड. एकावर एक तीन मोजे चढवून गमबूट घट्ट करू नका, रक्त फिरलं नाही की बोटं लवकर गारठतात. सासूबाई साडी नेसत असतील तर त्या दिवसापुरता सलवार किंवा लेगिंग घालायला सांगा, साडीचा काठ भिजला की दिवसभर गार लागतो. ओढणी, लांब मफलर नको, मशीनच्या रबरी पट्ट्यात अडकतो. मुलांना गडद गॉगल हवाच. ताजा बर्फ अतिनील किरणांतले ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, डोळे संध्याकाळी वाळू गेल्यासारखे चुरचुरतात. सोलापुरी चादर बरोबर घ्या, पण ती हॉटेलातल्या रात्रीसाठी.

पैशांचं एवढंच, की किती वेळ, कुठून कुठपर्यंत, कितीदा, हे बसण्याआधी ठरवून घ्या आणि ती जागा डोळ्यांनी बघा. ‘दोन किलोमीटर’ म्हणाले तर तो दोन किलोमीटरचा शेवट बोटाने दाखवायला सांगा.

आता एजंटाला फोन कराल तेव्हा त्याच्याकडून सहलीच्या कागदावरचा ‘रोहतांग’ हा शब्द काढून घ्या. त्या जागी लिहून घ्या: बर्फाचा दिवस दुसरा किंवा तिसरा, आदल्या संध्याकाळी ठरेल, जागा सोलंग किंवा सिस्सू, जिथे बर्फ असेल ती, रस्ता बंद असेल तर त्या दिवसाचे टॅक्सीचे पैसे लागणार नाहीत. चांगला एजंट हे मान्य करतो. नाही म्हणाला, तर त्याच्याकडे फक्त हॉटेल ठेवा आणि टॅक्सी मनालीत पोचल्यावर तिथल्या टॅक्सीवाल्यांकडूनच ठरवा. आणि सासऱ्यांना डॉक्टरांनी होकार दिला तर सिस्सूत त्यांच्यासाठी उन्हातली, वारा न लागणारी एखादी चहाची टपरी आधी शोधा आणि मगच मुलांना घेऊन मशीनकडे जा. थर्मासात गरम पाणी आणि डब्यात शेंगाचटणी-भाकरी त्यांच्याजवळ ठेवा. तिथून चंद्रा नदी आणि समोरचा सिस्सूचा धबधबा दिसतो, बऱ्याचदा अर्धा गोठलेला.